ऊस तोडायला आलेल्यांची मुलं वर्गात कुठं बसतात?

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या शाळेत मुलं वाढतात. हजेरीपत्रकावर ती लगेच दिसत नाहीत, पण व्हरांड्यात दिसतात. शाळेच्या मागं, ओढ्याच्या अंगाला मोकळा माळ आहे. तिथं एका रात्रीत कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. ट्रॉलीतून पत्रे, चूल, गाठोडी, कोंबड्या, एखादी शेळी आणि पोरं उतरतात. 'बीडकडची टोळी आली,' असं गावात म्हणतात. शिरूर कासार, पाटोदा, धारूर, केज, वडवणी, अशी त्यांची गावं. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा आणि पुढचे चार-पाच महिने आमच्या शिवारातला ऊस तोडायचा. त्यांच्याबरोबर आलेली सहा ते चौदा वयाची प्रत्येक मुलगी आणि मुलगा तेवढे दिवस आमच्या शाळेचा आहे. हे मी उपकाराच्या भाषेत म्हणत नाही, कायदाच तसं म्हणतो.

मी कोल्हापूर जिल्ह्यात, पंचगंगेच्या काठच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते सातवीची शाळा. समता, विविधता, समावेशन हे सगळं आमच्या प्रशिक्षणांत येतं, आणि ती प्रशिक्षणं मला आवडतात. पण माझ्या अनुभवात शाळेतली समता फार साध्या ठिकाणी ठरते. कोण कुठं बसतं, कुणाच्या ताटात जेवतं, फॉर्म भरताना कुणाला सगळ्यांसमोर उभं केलं जातं आणि पेन्सिल हरवल्यावर आधी कुणाचं दप्तर उघडलं जातं. आज लिहायला बसले ते याच गोष्टींबद्दल.

आधी कागदांचं सांगते, कारण निम्मी मुलं तिथंच अडकतात. मुलाचं नाव बीडच्या शाळेच्या पटावर असतं आणि मूल आमच्या गावात. गाव सोडताना तिथल्या शाळेनं त्याला शिक्षण हमी कार्ड द्यायचं आणि इथल्या शाळेनं ते बघून वर्गात घ्यायचं, अशी पद्धत आहे. प्रत्यक्षात कुणाचं कार्ड गाठोड्यात भिजलेलं असतं, कुणाला ते मिळालेलंच नसतं, कुणाचे आईबाप शाळेला न सांगता रात्रीच ट्रॅक्टरमध्ये बसलेले असतात, कारण मुकादमाचा फोन रात्रीच आलेला असतो. मग मूल शाळेच्या दारात येतं आणि विचारलं जातं: दाखला कुठाय, आधार कुठाय, कार्ड कुठाय? एवढे तीन प्रश्न ऐकल्यावर दहा वर्षांचं पोरगं परत कोपीवर जातं आणि पुन्हा येत नाही.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या चार कलमांची झेरॉक्स मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. कलम 4, वयानुसार वर्गात प्रवेश. कलम 5, शाळा बदलण्याचा हक्क, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम 9, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघणं स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य. कलम 14, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. नवीन शिक्षक आले की मी त्यांना चहाबरोबर ही झेरॉक्स दाखवते. वरिष्ठांपुढं वाद घालायची वेळ आली तर भावनेपेक्षा कलम लवकर लागू पडतं.

पूर्वी साखरशाळा होत्या. नव्वदच्या दशकात कारखान्यांच्या आवारात, तळावर, या मुलांसाठी हंगामापुरत्या शाळा सुरू झाल्या. स्वयंसेवी संस्थांनी त्यात जीव ओतून काम केलं. शिक्षण हक्क कायदा आल्यावर या मुलांनी जवळच्या नेहमीच्या शाळेत बसावं असं ठरलं आणि साखरशाळा बहुतेक बंद झाल्या. आमच्यातले काही जुने शिक्षक अजून म्हणतात की तेच बरं होतं, मुलं आपापल्यात रमायची. मला ते पटत नाही. या मातीत हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी सुटलेला आहे. शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड ठेवला. आणि 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत घ्या असा हुकूम काढला. वेगळी शाळा चालवणं संस्थानाला सोपं होतं, तरी त्यांनी ती बंद केली. एका छताखाली आणल्यावरच पुढचं अवघड काम सुरू होतं, आणि ते काम शिक्षकाचं आहे.

ते काम बसण्याच्या जागेपासून सुरू होतं. नवीन आलेली मुलं आपणहून शेवटी बसतात. दाराजवळ, चपलांच्या शेजारी. कुणी सांगावं लागत नाही, त्यांनी आधीच्या गावांत ते शिकून घेतलेलं असतं. आमच्याकडे खालच्या वर्गांना सतरंजी आणि वरच्या वर्गांना बाक आहेत, आणि बाक मोजके. बाहेरून आलेल्यांसाठी मागं वेगळी पट्टी अंथरायची, असं मी एकापेक्षा जास्त शाळांत पाहिलं आहे. त्यामागं दुष्टावा नसतो. जागा नसते, एवढंच कारण दिलं जातं. पण त्याच आठवड्यात, 7 नोव्हेंबरला, आपण विद्यार्थी दिवस साजरा करतो. 1900 साली त्या तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं, म्हणून 2017 पासून राज्यभर तो दिवस पाळला जातो. मुलं भाषणं करतात. भिवा नावाच्या मुलाला घरून तरटाचा तुकडा आणून वर्गात वेगळं बसावं लागायचं, हे पाठ करून अगदी तालात सांगतात. नेमकी तेव्हाच टोळी येऊन आठवडा झालेला असतो. ते भाषण ऐकताना माझी नजर वर्गाच्या मागच्या बाजूला जाते आणि मला तिथं वेगळी पट्टी चालत नाही. म्हणून आमच्या वर्गात दिवाळीनंतर सगळ्यांच्याच जागा बदलतात. चिठ्ठ्या टाकायच्या, जोड्या लावायच्या, दर सोमवारी जोडी फिरवायची. नवीन मुलांना पुढं बसवायचं असं मी करत नाही, कारण त्यानंही ती वेगळीच दिसतात. सगळेच हलले की कोण नवीन ते चार दिवसांत मिटतं.

ताटाचा प्रश्न मात्र एवढा सहज मिटला नाही.

आमच्या शाळेत पोषण आहाराची ताटं मुलं घरून आणायची. शिजवलेलं गरम अन्न शाळेतच द्या, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 28 नोव्हेंबर 2001 चा. आता योजनेचं नाव पीएम पोषण. पाचवीपर्यंत मुलामागं 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ. सहावी ते आठवीला 150 ग्रॅम तांदूळ आणि 30 ग्रॅम डाळ. या मोजमापात ताट कुठंच नाही, ते गृहीत धरलेलं. टोळीतल्या कुटुंबाकडं सगळी मिळून तीन-चार ताटल्या असतात आणि त्यातल्या दोन पहाटेच फडात, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसाच्या रानात, गेलेल्या असतात. मग मूल डब्याच्या झाकणात भात घ्यायचं, किंवा भाऊ जेवून होईपर्यंत बहीण थांबायची. एक मुलगी तर रोज 'भूक नाही' म्हणायची. मला वाटलं पोट दुखत असेल. आमच्या स्वयंपाकी मावशींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, 'मॅडम, ताट न्हाई तिच्याकडं.'

माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक निरोप टाकला आणि दोन दिवसांत स्टीलची ताटं आली, सगळ्यांना पुरतील एवढी. सगळी सारखी, नाव न कोरलेली. इथून खरा विरोध सुरू झाला. ताटं शाळेत राहणार, एकाच टबात धुतली जाणार, आज तू ज्यात जेवलास त्यात उद्या दुसरा जेवणार. दोन-तीन घरांतून निरोप आला, 'आमचं पोर घरच्याच ताटात जेवेल.' कारण स्वच्छतेचं दिलं होतं. स्वच्छतेच्या नावाखाली काय बोललं जातंय हे गावात राहणाऱ्याला कळतं आणि मी ते इथं स्पष्ट लिहिते: ती जात होती. टोळीत वंजारी असतात, बंजारा असतात, बौद्ध असतात, मातंग असतात, मराठा आणि धनगरही असतात. कोप्यासुद्धा पुष्कळदा त्याच हिशेबानं लांब-जवळ बांधलेल्या असतात. मावशी त्या घरांत स्वतः गेल्या. त्यांनी काय समजूत घातली ते त्यांनी मला सगळं सांगितलेलं नाही. एक वाक्य सांगितलं: 'ताटं मी धुते. माझ्या हातचं चालत असंल तर ताट बी चालंल.' पुढच्या सोमवारपासून सगळी मुलं शाळेच्या ताटात जेवू लागली.

जातीवरून आठवलं म्हणून इथंच सांगते. शिष्यवृत्तीचा फॉर्म आला, उपस्थिती भत्त्याची यादी करायची, की वर्गात मोठ्यानं 'एससीची मुलं हात वर करा' म्हणायची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही. माहिती जनरल रजिस्टरमध्ये आहे. ते उघडायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं द्यावीत.

आता पेन्सिलीचं. पाचवीतल्या एका मुलाचा नवा कंपास हरवला. मी फळ्याकडून वळेपर्यंत दोघंजण एका ऊसतोड मुलाच्या पिशवीपाशी पोचले होते. त्याला दप्तर नव्हतं, खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी होती. त्यानं काही बोलायच्या आधी ती उलटी करून सगळ्यांसमोर झटकली. एक वही, निम्मी उरलेली पेन्सिल, चिंचा, आणि ट्रॅक्टरच्या बेअरिंगमधल्या गोळ्या. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सरावानं केल्यासारखं त्यानं ते केलं, आणि मला त्याचंच जास्त लागलं. त्या दिवसापासून आमच्या वर्गात नियम आहे: कुणी कुणाचं दप्तर उघडायचं नाही, मीसुद्धा नाही. वस्तू हरवली तर खिडकीतल्या डब्यात बघायचं. जो कुणी सापडलेली वस्तू त्यात टाकेल त्याला कुणी काही विचारायचं नाही. कंपास त्याच संध्याकाळी ज्याचा होता त्याच्या घरी सापडला. तो मुलगा दुसऱ्या दिवशी स्वतः उठून सगळ्या वर्गाला म्हणाला, 'घरातच हुता.' मी त्याला ते सांगायला लावलं नव्हतं.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते मात्र वस्तूवरून झालं नाही. ते घरातल्या बोलण्यातून वर्गात आलं. आमच्या गावातल्या मुलांच्या बापांचा ऊस आणि तो तोडणारे नव्या मुलांचे आईबाप, असं हे नातं आहे. सहावीच्या वर्गात एकजण म्हणाला, 'तुमची माणसं खुशाली घेतल्याबिगर फडात पाय टाकत न्हाईत.' समोरचा ताडकन म्हणाला, 'मंग तुमचा ऊस तुमीच तोडा की.' वर्ग चिडीचूप. खुशाली म्हणजे काय ते उसाच्या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे: तोडणीच्या दराशिवाय शेतकऱ्याकडून वरचे पैसे घ्यायचे. त्यावर दर हंगामात गावोगावी वाद होतात.

मी गणिताचा तास होता तो गणिताचाच ठेवला. फळ्याचे दोन भाग केले. एका बाजूला तोडणी. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला आणि टनाला 366 रुपये झाला. पोरानं सांगितलं, 'माय आन् बाप मिळून दिवसाला दीड-दोन टन तोडतेत.' दोन टन धरले. 366 गुणिले 2, बरोबर 732. दोन माणसं, पहाटे चारपासून. ट्रॉली रात्री भरायची असली तर परत रात्री. मी विचारलं, हे पैसे हातात कधी येतात? तो म्हणाला, 'नाय येत. उचलीत वळते व्हतेत.' दुसऱ्या बाजूला ऊस लावणारा. 2024-25 च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनामागं 3,400 रुपये, त्यातून तोडणी आणि वाहतूक वजा. आडसाली लावण असेल तर पीक दीड वर्ष रानात उभं. खत, बेणं, पाणीपट्टी, रात्रीची लाईट आली की बाप बॅटरी घेऊन पाणी पाजायला जातो, हे गावातल्या मुलांनी सांगितलं. सोसायटीचं कर्ज वजा होऊन बिल येतं, तेही त्यांनीच सांगितलं. तास संपला तरी कुणी उठेना. दोन्हीकडं वजाबाकीच जास्त होती. खुशाली योग्य की अयोग्य याचा निकाल मी दिला नाही, सहावीच्या मुलांनीही मागितला नाही. त्यातल्या एकानं एवढंच विचारलं, 'मग मधले पैसे कुणाकडं जात्यात?' त्याचं उत्तर शोधायला त्यांनी कारखान्याच्या शेती विभागातल्या स्लिपबॉयला, म्हणजे तोडणीच्या चिठ्ठ्या बघणाऱ्या माणसाला, शाळेत बोलवा म्हणून मला सांगितलं, आणि तो आलाही.

एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. टन, खेप, मोळी, वजनकाटा, उचल, टक्का, हे सगळं टोळीतल्या मुलांच्या जिभेवर असतं. भागाकार मांडता येत नाही, पण तोंडी हिशेब मला मागं टाकतील असे. चाचणीच्या कागदावर ती 'अप्रगत' निघतात. तोंडी विचारलं की वर्गातली निम्मी मुलं त्यांच्याकडं वळून बघतात.

भाषेची गंमतही होते आणि कुचंबणाही. आमच्याकडच्या मुली 'मी येतो', 'मी जेवलो' म्हणतात, कोल्हापूरच्या खेड्यातली ही रीतच आहे. बीडच्या मुली 'मी येते' म्हणतात. पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजू एकमेकींना हसून घेतात. 'कामून' म्हटलं की आमची पोरं हसतात, 'करालायस' म्हटलं की त्यांची. तांड्यावरून आलेली बंजारा मुलं घरी गोरमाटी बोलतात, त्यातली लहान मुलं तर पहिले पंधरा दिवस तोंडच उघडत नाहीत. पहिलीच्या भिंतीवर आम्ही एक तक्ता केला आहे, प्रत्येक मुलानं आपल्या घरातला शब्द सांगायचा आणि मी लिहायचा. आईसाठी आमच्या भिंतीवर आई, आये, मम्मी, अम्मी, माय आणि याडी आहेत. 'याडी' लिहिल्यावर एक मुलगा उठून तक्त्यापाशी गेला आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो मला शब्द आणून द्यायला लागला. लिहायला तो या शब्दांतून शिकला, पाठ्यपुस्तक नंतर आलं.

मुलींविषयी मात्र मला फार काळजी वाटते. मुलगे येतात. मुली येतातच असं नाही. आई पहाटे फडात जाते, मग सात-आठ वर्षांची मुलगीसुद्धा लहानग्याला काखेत घेऊन बसते, बारा वर्षांची असेल तर पाणी भरते आणि भाकऱ्या थापते. एकीला बोलवायला मी कोपीवर गेले तर तिची आई चुलीपुढून न उठता म्हणाली, 'मॅडम, पाठवाया माझी ना नाय. पर लेकरू कोणापाशी ठिवू? फडात नेलं तर ट्रॅक्टरची भीती.' तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. फडाच्या बांधावर झोपवलेल्या मुलांचे अपघात आम्ही दर हंगामात ऐकतो. म्हणून उत्तर असं निघालं की मुलीनं भावाला घेऊनच शाळेत यायचं. आमच्या अंगणवाडी सेविकांनी त्याला ठेवून घेतलं, खाऊही दिला, मुलगी मधल्या सुट्टीत जाऊन बघून यायची. शाळा सुटायच्या अर्धा तास आधी तिला सोडायचं, पाण्याचा टँकर तेव्हा येतो. नियमावर बोट ठेवलं असतं तर ती सातवीत बसलीच नसती. आणि सातवीनंतर काय, ते मला सांगता येत नाही. वयात आलेली मुलगी कोपीवर एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची ही आईबापांची भीती, आणि लग्न लावून दिलं की जोडीचा एक कोयता तयार होतो हा हिशेब. बालविवाहाचा कायदा 2006 चा आहे, आणि हिशेब त्याहून जुना.

या सगळ्याला गावाची साथ लागते. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात, आणि आमच्या समितीतल्या बायका बोलतात. पहिल्या वर्षी बैठकीत विषय निघाला तो उवांचा. 'त्या पोरांमुळं आमच्या पोरींच्या डोक्यात उवा झाल्या.' आरोग्य पथक आलं तेव्हा आम्ही सगळ्या शाळेची डोकी तपासून घेतली, फक्त टोळीतल्यांची नाही. उवा सगळ्याच गल्ल्यांतल्या मुलांत निघाल्या. औषधही सगळ्यांना दिलं. तिथं तो विषय थांबला.

ताटांवरून कुजबुज चालू होती तेव्हाच्या बैठकीत एका मुलीचे आजोबा उठले. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून, कमवा आणि शिका योजनेत काम करून ते शिकलेले. भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह काढलं आणि 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं, हे त्यांना तोंडपाठ. ते म्हणाले, 'अठरापगड जातीची पोरं एका पंगतीला बसायचो. पीठ मळायची पाळी माझी, भाजायची दुसऱ्याची. आणि तुम्ही आज ताटावर अडलाय?' एवढं बोलून खाली बसले. त्यांना उलट बोलायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

मार्चमध्ये कधीतरी पट्टा पडतो, म्हणजे गाळपाचा हंगाम संपतो. कधी फेब्रुवारीच्या शेवटीच. कारखाना बंद, दोन दिवसांत माळ रिकामा. वार्षिक मूल्यमापन तेव्हा महिनाभर लांब असतं. म्हणून या मुलांची तोंडी-लेखी चाचणी मी आधीच उरकते, वह्या बरोबर देते आणि प्रगतीची नोंद त्यांच्या मूळ शाळेतल्या शिक्षकांना फोनवर फोटो काढून पाठवते. बीडमधल्या काही गुरुजींशी आता माझी चांगली ओळख झाली आहे. ते मला ऑक्टोबरमध्येच कळवतात: अमुक तुमच्याकडं निघालाय, वाचतो चांगलं, वजाबाकीत अडतो. हे दोन शिक्षकांच्या फोनवर न राहता सगळीकडं पोर्टलवरून व्हायला हवं असं माझं म्हणणं आहे, आणि ते मी केंद्रप्रमुखांना लेखी दिलं आहे. खरं तर मुलांनी गावीच, आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहून आपल्याच शाळेत शिकावं, हे सगळ्यात चांगलं. संत भगवानबाबांच्या नावानं 2021 मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारी वसतिगृहांची योजना आली आहे, ती प्रत्येक गावापर्यंत पोचावी. तोवर जी मुलं आमच्या माळावर उतरतात ती आमची.

यंदाचा अडलेला विषय गणवेशाचा आहे. 2023-24 पासून पहिली ते आठवीच्या सगळ्याच मुलांना मोफत गणवेश मिळतो, जात किंवा दारिद्र्यरेषा बघून नाही, आणि त्यामुळं वर्गातला एक भेद गेला. पण गणवेशाची मोजणी जूनच्या पटावर होते आणि आमची मुलं नोव्हेंबरात येतात. बीडला मिळालेला गणवेश पुष्कळदा पेटीतच राहतो, कारण तो फडात खराब होईल. समितीनं ठरवलंय की शाळेत गणवेशाचं एक कपाट ठेवायचं, लहान झालेला गणवेश धुऊन त्यात ठेवायचा आणि ज्याला लागेल त्यानं, गावातल्या असो की टोळीतल्या, त्यातून घ्यायचा. कपाट सरपंचांनी द्यायचं कबूल केलंय.

तुमच्या गावात टोळी उतरली असेल तर शाळेत एक चक्कर मारा आणि मुलं वर्गात आहेत का ते बघा. कार्ड नाही म्हणून अडवलं असेल तर कलम 5 आणि 14 सांगा. आणि मुकादमाला जरूर भेटा. टोळीत किती मुलं आहेत आणि कुणाच्या कोपीत कोण मागं राहतं हे त्याला नेमकं माहीत असतं. आमची पहिली यादी दरवर्षी त्याच्याकडूनच येते.